परतीचा पाऊस लांबला. आता शाळू (रब्बी ज्वारी) पेरावा का हरभरा?

कोरडवाहू_जत:
ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस उघडत नाही. रान मध्यम काळं, दोन फुटांवर मुरूम. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नोव्हेंबरातच येईल. शाळूची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, ती गेलीच. सगळं हरभऱ्याला द्यावं का? घरची भाकरी आणि म्हशींचा कडबा याच रानावर आहे.

खटाव_रब्बी:
दादा, आत्ता ओलीची चिंता नाही, पुढची आहे. नोव्हेंबरात पेरलेला शाळू फेब्रुवारीत दाणे भरतो. तोवर ऊन तापतं आणि दोन फुटांच्या रानातली ओल संपत येते. असल्या ताणातच खडखड्या रोग शिरतो: बुडखा आतून पोकळ, त्यात काळी भुकटी, ताटं आडवी, दाणा बारीक. फवारून काही होत नाही. तीन फुटांपुढचं भारी रान असतं तर थोडा उशीर खपला असता.

तरी पेरणारच असाल तर मालदांडी वाण नको, लवकर येणारा फुले अनुराधा घ्या. एकरी ४ किलो बियाणं, काणी रोगासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळून. एकरी ३५ किलो युरिया आणि ५० किलो सुपर फॉस्फेट दोन चाड्याच्या पाभरीनं (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत) पेरतानाच द्या. जिरायतीत नंतर वरून दिलेल्या खताला ओल कुठली? दोन ताटांत किमान १५ सेंमी अंतर ठेवून विरळणी कराच, दाट पिकाची ओल आधी संपते. कोळपणी तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्यानं, म्हणजे भेगा बुजतात. एकच पाणी मिळणार असेल तर ते पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी), ५०-५५ दिवसांनी.

आणि घाईनं चिखलात पाभर घालू नका. ओळीतली माती दाबून बसते, उगवण तुटक होते.

माण_जिरायत:
वरचं सगळं बरोबर, पण हरभऱ्यानं कडबा मिळत नाही, आणि विकत घेतलेला कडबा जिरायतीला परवडत नाही. म्हणून सगळं रान एका पिकाला देऊ नका. बांधाकडचा खोलगट, ओल धरणारा तुकडा शाळूला, उथळ भाग हरभऱ्याला. विजय वाण, एकरी २६-२८ किलो, मर रोगासाठी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा. पाणी साचणाऱ्या जागी मात्र हरभरा टाकू नका, मर तिथूनच सुरू होते. ढगाळ हवेत घाटे अळीवर नजर ठेवा.

कोरडवाहू_जत:
आणि काढणीला अवकाळी आला तर?

खटाव_रब्बी:
दाण्याच्या टोकाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला. मग ताटं वाळायची वाट बघू नका. कणसं खुडून पत्र्याखाली पातळ पसरा, ढीग घालू नका. भिजलेला दाणा काळा पडतो, बुरशी धरतो, तो बियाण्याला ठेवू नका. दाताखाली कट्टकन तुटेल इतकं वाळल्यावरच कणगीत भरा. ओलसर भरलं तर पोरकिडे लागतात.

माण_जिरायत:
एक राहिलं. पाण्याच्या ताणानं खुरटलेली कोवळी ताटं हिरवी असताना जनावरांना घालू नका, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. विरळणीची आणि पोंगेमर झालेली (मधला पोंगा वाळलेली) रोपंही गोठ्यापासून लांब ठेवा.