मुलींसाठी जिमखाना दुपारी १२ ते २. अर्जात नेमकं काय मागू?

शेवटची_एसटी: मी एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, तालुक्याच्या कॉलेजात. जिमखाना फी सगळ्यांना सारखीच. व्यायामशाळा मात्र मुलांना सकाळ-संध्याकाळ आणि मुलींना दुपारी १२ ते २, म्हणजे ऐन प्रॅक्टिकलच्या वेळेत. संध्याकाळची वेळ दिली तरी साडेपाचला आमच्या गावची शेवटची गाडी. त्यात रॉड एकच, २० किलोचा. नवी मुलगी नुसत्या रॉडनेच घाबरते आणि यायची बंद होते. मग ऑफिसात ऐकवतात, "मुली येतातच कुठे?" फार लागतं हे मनाला. शिवाय वर्गातला एक मित्र व्हीलचेअरवर आहे आणि व्यायामशाळा पहिल्या मजल्यावर. फी तोही भरतो. प्राचार्यांना अर्ज द्यायचाय, कसा लिहू?

मैदानवाले_सर: बेटा, मी शारीरिक शिक्षण शिकवतो. अर्जाला मुलींच्या प्रॅक्टिकलचं वेळापत्रक जोड, शेजारी एसटीच्या वेळा लिही. वाद तिथेच मिटतो. सकाळच्या गाडीने येणाऱ्यांना पहिल्या तासाआधीची वेळ माग. बायकांसाठीचा रॉड १५ किलोचा आणि पकडायला बारीक असतो, तो माग. सोबत हलके डंबेल. आणि अर्ज महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवावा, असं स्पष्ट लिही. नुसता ऑफिसात दिलेला कागद फायलीत पडून राहतो.

कुबडी: मला लहानपणी पोलिओ झाला. ताई, मित्राचा विषय शेवटी "तसेच" म्हणून जोडू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ शिक्षणसंस्थांना सांगतं, की खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्या. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवलं, हे लोक आम्हाला कौतुकाने सांगतात. मला त्यांचा अभिमानच आहे. पण पदक नको, नुसता घाम गाळायचाय, एवढं म्हणणाऱ्यालाही जागा हवी. त्याला काय हवंय ते आधी त्यालाच विचारा.

शेवटची_एसटी: विचारलं, दादा. त्याला व्यायामशाळेत रसच नाही, टेबल टेनिस खेळायचंय! टेबल तळमजल्यावरच आहे, फक्त दारात दोन पायऱ्या. रॅम्पची मागणी पहिल्या क्रमांकावर घेतली. सर, वेळापत्रक आणि गाड्यांच्या वेळा जोडल्यात. सोमवारी अर्ज देते आणि पोच घेते.