जोडीदार निवडताना प्रभूची इच्छा कशी उमगली? तुमचे अनुभव सांगा

"प्रार्थना कर, देव दाखवील," असं सगळेच म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे आणि ती मला विचारते, "ताई, दाखवतो म्हणजे नेमकं काय होतं?" लग्न झालेल्यांनी लिहा, थांबलेल्यांनीही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. ह्यांच्या स्थळात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. बायबलमधलं नीतिसूत्रे 3:5-6 (स्वतःच्या बुद्धीवर विसंबू नको, परमेश्वरावर भाव ठेव) धरून मी प्रार्थना करत होते, पण ना स्वप्न पडलं, ना आवाज ऐकू आला. भेटलो तेव्हा मी विचारलं, "मनापासून मागितलं आणि देवाने दिलं नाही, असं कधी झालं का?" हे बराच वेळ गप्प. हातातला रुमाल उलगडत, पुन्हा घडी घालत राहिले. मग वडिलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलले. देवाला दोष दिला नाही, की पाठ केलेलं उत्तरही दिलं नाही. "अजून विचारतोच आहे त्याला," एवढंच. तिथे माझ्या मनाला शांती मिळाली. तरी होकार लगेच कळवला नाही. आधी आमच्या चर्चच्या पाळकांशी आणि त्यांच्या पत्नीशी बोलले, ह्यांच्या मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, चौकशी केली. मनाची शांती मोलाची आहेच, पण ती चौकशीला टिकली पाहिजे असं मला वाटतं.

*

मी पाळक आहे. तरुण मुलं माझ्याकडे चिन्हं घेऊन येतात: रविवारच्या आत फोन आला तर होकार. मी त्यांना शास्ते 6 वाचायला लावतो. देवाकडे चिन्ह मागायला गिदोनाने लोकर ठेवली, त्याआधीच देव त्याच्याशी स्पष्ट बोलला होता. तेव्हा देव आधीच काय बोललाय ते बघा. लग्न "केवळ प्रभूमध्ये", म्हणजे विश्वासणाऱ्याशीच, हे 1 करिंथ 7:39 मध्ये आहेच. त्यापुढची निवड करायला शहाणपण लागतं, ते याकोब 1:5 प्रमाणे मागा.

*

मंडळीतला एकजण मला म्हणाला, "तू माझी पत्नी होणार, हे प्रभूने मला दाखवलंय." मी घाबरलेच. ह्याला नाही म्हणणं म्हणजे देवालाच नाही म्हणणं की काय? आईने उत्पत्ती 24 काढलं. अब्राहामाच्या मुलासाठी वधू शोधायला गेलेल्या सेवकाची विहिरीपाशी केलेली प्रार्थना ऐकली गेली होती, रिबकेच्या घरची माणसंही ही गोष्ट परमेश्वराकडूनच आहे म्हणाली होती. तरी तिला बोलावून विचारलंच, या माणसाबरोबर जातेस का? आणि आठव्या वचनात अब्राहामाने आधीच सांगून ठेवलंय की मुलगी यायला तयार नसेल तर सेवक शपथेतून मोकळा. मी शांतपणे नकार दिला. मुलींनो, असा दबाव आला तर वेळ मागून घ्या. देव तुमच्याशीही बोलतो.

*

आमचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण त्यांनी मोठं कर्ज लपवलं होतं. प्रार्थनेला बसले की सारखं पैशांबद्दल विचारावंसं वाटायचं. विचारलं, तेव्हा कळलं.

*

मी चाळिशी ओलांडलेली, अविवाहित. पौलाने 1 करिंथ 7:7 मध्ये त्यालाही देवाचं दान म्हटलंय, पण ते दान मला आहे असं वाटत नाही. मला लग्न हवंय आणि मी अजूनही मागते. मध्यंतरी एका भल्या माणसाने विचारलं होतं. तो ख्रिस्ती विश्वासात नव्हता. नकार कळवला आणि रात्रभर रडले. तो निर्णय योग्यच होता असं आजही मानते, पण जड गेला, हे तुमच्या बहिणीला जरूर सांगा. आणि तिच्यासोबत माझ्यासाठीही प्रार्थना करा.