सांदण दरी, रतनगड आणि कोकणकडा एकाच शनिवार-रविवारात बसेल का? मदत हवी आहे

पानगळ
नमस्कार मंडळी. भंडारदरा भागात जायचं ठरतंय. सांदण दरी, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, तिन्ही शनिवार-रविवारात बसवायचं आहे. आधी कुठे जावं आणि मुक्काम धरणाजवळच्या शेंडीला करावा की सांदणजवळच्या साम्रदला, एवढंच सांगा. शोधून पाहिलं तर जो तो वेगळाच क्रम सांगतो आणि निम्म्यांनी नुसते फोटो टाकलेत. उद्या रात्रीपर्यंत मुक्कामाचे पैसे भरायचे आहेत, तेव्हा जरा लवकर.

कातळवाट
महिना कुठला? निघणार कुठून? सोबत कोण कोण? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

घाटमाथा
मुक्काम साम्रदलाच करा. सांगून ठेवलं तर गावात घरगुती जेवण मिळतं आणि उजाडता उजाडता दरीत उतरता येतं. शेंडीला राहिलात तर सकाळ गाडीतच जाईल. पहिल्या दिवशी सांदण. दुसऱ्या दिवशी साम्रदहूनच त्र्यंबक दरवाजाने रतनगडावर चढा, नेढं (कातळातलं आरपार भोक) बघा आणि शिड्यांच्या वाटेने रतनवाडीत उतरा. कोकणकडा मात्र त्यात बसवू नका. हरिश्चंद्रगडाला स्वतंत्र दोन दिवस द्या, त्या गडाचा तेवढा मान आहे.

रानवारा
तंबू स्वतःचा न्या. दोन पापुद्र्यांचाच घ्या, एकेरी तंबूत आतून पाणी धरतं. खाली ताडपत्री हवीच, आणि खुंट्या लोखंडी घ्या, वर जमीन कातळाची आहे. बूट नवे घेणार असाल तर आठवडाभर घरात घालून फिरा.

पानगळ
रानवारा, तंबूचा विषयच नाही, आम्ही वर राहणार नाही. पुण्याहून स्वतःच्या गाडीने निघणार, चौघं आहोत. घाटमाथा, धन्यवाद, पण कोकणकडा सोडता येणार नाही. खरं तर त्याच्यासाठीच चाललोय.

कातळवाट
महिना?

पानगळ
जुलैचा दुसरा आठवडा. सगळं हिरवंगार असतं म्हणून मुद्दाम तेव्हा.

कातळवाट
मग सांदण आजच यादीतून काढून टाका.
सांदण म्हणजे कातळाला पडलेली एक लांबच लांब भेग. दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या भिंती आणि मध्ये काही ठिकाणी जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. साम्रदच्या पठारावर पडणाऱ्या पाण्याला कोकणात उतरायला जे रस्ते आहेत, त्यातलाच हा एक. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर एक जोरदार सर येऊन गेली की भेगेत लोंढा येतो. बाजूला सरकायला जागाच नसते. तळाशी गाडीएवढे धोंडे पडलेत, ते कुणी हाताने आणून टाकलेले नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा मधल्या दुसऱ्या डोहात कमरेपर्यंत पाणी असतं. सांदण डिसेंबर ते मे, आणि अवकाळीचं सावट असेल तर तेव्हाही नाही.

घाटमाथा
मी हिवाळा धरून लिहिलं होतं. जुलैत दरीत उतरू नये हे मान्यच. पण पाऊस उघडलेला असेल तर दरीच्या तोंडापर्यंत जाऊन बघायला काय हरकत आहे? गावातली माणसं जातातच की.

कातळवाट
गावातल्या माणसाला ढगाकडे बघून कळतं कधी मागे फिरायचं ते. पुण्याहून आलेल्याला नाही कळत. तोंडापर्यंत गेलेला माणूस चार पावलं आत जातोच, ओल्या शेवाळ्यावर पाय सरकतो, आणि मग त्याला बाहेर काढायला गावातल्याच पोरांना दोर घेऊन उतरावं लागतं. म्हणून मी तोंडापर्यंतही सांगणार नाही.

घाटमाथा
सरसकट असं लिहिलं तर माणूस घराबाहेरच पडणार नाही. वाटाड्या घ्या, त्याचं ऐका, एवढं पुरेसं आहे.

टोलारखिंड
हरिश्चंद्रगड पायथ्याच्या खिरेश्वर गावाहून टोलार खिंडीनेच करा. खिंडीनंतरचा कातळटप्पा, पुढे जंगलातली चाल, मग अचानक समोर येणारं मंदिर, हा खरा गड. दुसऱ्या बाजूच्या पाचनई गावाच्या वाटेने हल्ली सगळेच जातात, त्यात गड चढल्यासारखं वाटत नाही. पुण्याहून तर खिरेश्वर जवळ पडतं.

सोनकी
टोलारखिंड, धागाकर्त्यांची बाकी ठिकाणं भंडारदऱ्याला आहेत. खिरेश्वर माळशेजच्या बाजूला, म्हणजे डोंगराच्या पार पलीकडे. तिथून गाडीने शेंडीला यायचं तर दिवसाचा मोठा तुकडा रस्त्यात जाईल. शिवाय चार-पाच तासांची चढाई. राजूरकडून येणाऱ्याला पाचनईच सोयीची, अडीच-तीन तासांत माणूस वर पोचतो.
पानगळ, चौघं म्हणजे कोण? वयं काय?

पानगळ
मी, नवरा, मुलगी (९) आणि माझे बाबा (६८). बाबा रोज फिरतात, तब्येत चांगली आहे, फक्त उजवा गुडघा उतरताना दुखतो. कोकणकड्याचा हट्ट त्यांच्यासाठी आहे. कर्नल साइक्सने १८३५ साली हरिश्चंद्रगडावरून इंद्रवज्र पाहिलं, हे त्यांनी तरुणपणी कुठेतरी वाचलं. तेव्हापासून त्यांना ते बघायचंय. आयुष्यभर नोकरीत सवड झाली नाही, आता मला त्यांना तिथे न्यायचंच आहे.

कातळवाट
हे आधी लिहिलं असतं तर पहिल्याच उत्तरात सांगितलं असतं. जुलैत इंद्रवज्र दिसायचं म्हणजे नशिबाचीच गोष्ट. त्याला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: पाठीमागे सूर्य आणि समोर खाली दरीत ढग. मग त्या ढगावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे ऊन पाठीवर सकाळीच असणार. जुलैत ढग भरपूर, पण ऊन नाही. बहुतेक वेळा कड्यावर उभं राहिलं तरी समोर नुसती पांढरी भिंत असते, कडाही दिसत नाही. आणि काठ ओला, वारा दरीतून वर फेकणारा. तिथे नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन उभं राहू नका.

सोनकी
सहमत. पाऊस माघारी जायला लागतो तेव्हा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, सकाळी दरीत धुकं आणि वर ऊन अशी जोडी जमण्याची शक्यता बरी असते. मात्र सकाळी कड्यावर असायचं तर आदल्या दिवशीच वर पोचायला हवं. बाबांसाठी तेही चांगलं, चढ आणि उतार एकाच दिवशी होणार नाही. मुक्कामाचे नियम तेवढे वनखात्याकडे आधी विचारून घ्या. दोन काठ्या द्या आणि उतरताना पाचनईचाच एखादा माणूस सोबत ठेवा. गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेचंही जुलैत तेच, गुहेत पाणी भरलेलं असतं, आत जाता येत नाही.

रानवारा
वर मुक्काम ठरला तर तंबूबद्दल मी वर लिहिलेलं आहेच.

कारवीफूल
अवांतर विचारते. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला कारवी फुलायचं वर्ष कुठलं, कुणाला ठाऊक आहे का? सात वर्षांनी फुलते म्हणतात.

घाटमाथा
प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं असतं, एका उताराची फुलली म्हणून दुसऱ्याची फुलेल असं नाही. पाचनईत गुराख्यांना विचारा, ते कांडी बघून सांगतात.

पानगळ
कृपया विषयावर राहा, माझी वेळ संपत आलीय. मग जुलैत जाऊच नको का? मुलीच्या शाळेला तेव्हाच जोडून सुट्टी आहे.

सोनकी
जरूर जा, चढायचं तेवढं सोडा. जुलैतला भंडारदरा गाडीतून आणि थोड्या चालण्यातही पोटभर बघता येतो. संगमनेर, अकोले, राजूर करत या. वाटेत रंधा धबधबा, प्रवरेची १७० फुटांची उडी. कठड्याच्या आतूनच बघा. मुक्काम शेंडीलाच, कारण पाऊस वाढला तर परतायला तिथूनच सोपं. दुसऱ्या दिवशी जलाशयाला वळसा घालणारा रस्ता धरा: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी.
घाटघरलाही एक कोकणकडा आहे, हरिश्चंद्रगडाचा नव्हे. दोन्हींची गल्लत बरेच जण करतात. तिथे गाडीतून उतरून थोडंसं चाललं की कोकणात कोसळणारी कडेकपार समोर. रेलिंगजवळ थांबून ढग निवळायची वाट बघायची. बाबांना हे सहज जमेल.
रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाला निवांत वेळ द्या. दगडावरचं कोरीव काम पावसात ओलं झालं की बारकावे जास्त उठून दिसतात. शेजारची पुष्करणी चुकवू नका. देवळाच्या मागे ढगात रतनगड असतो. प्रवरा त्याच डोंगरावर उगम पावते, हे मुलीला दाखवा.

घाटमाथा
हे चांगलं आहे. भर घालतो: भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या पायथ्याचा अंब्रेला धबधबा धरणातून पाणी सोडलेलं असेल तेव्हाच दिसतो. शेंडीत विचारूनच तिकडे वळा.

टोलारखिंड
ऑक्टोबरात तरी खिरेश्वरचा विचार करावा.

सोनकी
गुडघा दुखणाऱ्या माणसाला कातळटप्पा कशाला?

टोलारखिंड
तिथे रेलिंग लावलेले आहेत. माझे वडीलही त्याच वाटेने चढले आहेत.

कातळवाट
चढण्याचं नाही, उतरण्याचं दुखणं आहे. पाचनई.

पानगळ
ठरलं. शेंडीचं बुकिंग केलं. जुलैत सोनकींनी सांगितलेला वळसा, सांदण नाही, तोंडापर्यंतही नाही. बाबांशी बोलले. ते म्हणाले, ऊन नसेल तर इंद्रवज्र कुठून येणार, हे त्यांनाही माहीत होतं, माझा उत्साह बघून गप्प होते. ऑक्टोबरात पाचनईहून त्यांना नेणार. तेव्हा वाटाड्या कसा ठरवायचा, याचा वेगळा धागा काढेन. पेट्रोल आणि नेटवर्कचं काय?

कातळवाट
टाकी राजूरलाच भरा. शेंडी सोडली की नेटवर्कचा भरवसा नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. घाटघरच्या बाजूला पाऊस भंडारदऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून वळसा सकाळी सुरू करा आणि उजेडात शेंडीला परत या. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका.

कारवीफूल
काजवे जुलैत दिसतील का हो तिकडे?

सोनकी
नाही. मे संपता संपता सुरू होतात आणि पावसाने जोर धरला की संपतात.