मदत हवी आहे: पहिली लाइन गेली की दुसरी चालू होते, पण डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) मरतो

नमस्कार मंडळी,

घरी दोन इंटरनेट जोडण्या आहेत, एक फायबर आणि एक मोबाइल सिमवर चालणारी. दोन्ही एकाच ड्युअल-वॅन (दोन इंटरनेट लाइन घेणाऱ्या) राउटरला लावल्या आहेत. फायबर बंद पडलं की राउटरने आपोआप सिमवर जावं, एवढंच हवं आहे. पत्नी ऑनलाइन शिकवते. तास मध्येच तुटला की मुलं ताटकळत बसतात आणि तिचा जीव वरखाली होतो, म्हणून हे एकदाचं नीट लावायचं आहे.

राउटर लाइन बदलतो, याची खात्री केली आहे. फायबरची वायर काढली की थोड्याच वेळात सिमची लाइन सुरू होते. लॅपटॉपवरून १.१.१.१ या खुल्या डीएनएस सर्व्हरला पिंग केलं (म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवला) तर उत्तर येतं. पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही.

राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. डीएचसीपीमधून (राउटर उपकरणांना पत्ते वाटतो ती सोय) सगळ्या उपकरणांना डीएनएसचे दोन पत्ते जातात: आधी फायबर कंपनीचा, मग गूगलचा ८.८.८.८. पहिला गप्प राहिला तर दुसऱ्याला विचारलं जाईल, अशी माझी समजूत. फायबर जिवंत आहे का, हे राउटर ८.८.८.८ लाच पिंग करून बघतो.

वायर काढलेली असताना एनएसलुकअप (डीएनएसला थेट विचारून बघणारी आज्ञा) चालवलं. फायबर कंपनीच्या डीएनएसने 'रिफ्यूज्ड' म्हणून परत पाठवलं. ८.८.८.८ कडून काहीच आलं नाही, टाइमआउट. १.१.१.१ ला विचारलं तर उत्तर लगेच हजर! पहिल्याचा नकार एक वेळ समजू शकतो, पण ८.८.८.८ तर सगळ्यांसाठी खुला आहे. तो का बोलत नाही? दोन दिवस यातच गेले. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तुम्ही चाचणी नीट केली आहे, उत्तर तिच्यातच आहे. हे दोन वेगळे बिघाड आहेत.

कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर बहुतेक वेळा फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात. सिमच्या लाइनवरून गेलात की तुम्ही त्यांच्या लेखी परके, म्हणून नकार.

८.८.८.८ चं कारण तुमची तपासणी. फायबरची तब्येत बघायची तर ते पिंग फायबरवरूनच जायला हवं. म्हणून बरेच राउटर त्या पत्त्यासाठी फायबरकडे जाणारा कायमचा मार्ग टाकून ठेवतात. लाइन मेली तरी तो मार्ग तसाच राहतो, आणि त्या पत्त्याकडे निघालेली डीएनएसची विचारणाही त्याच मेलेल्या वायरीत जाते. तपासणीचा पत्ता आणि डीएनएसचा पत्ता कधीही एक ठेवू नका.

८.८.८.८ फक्त तपासणीला राहू द्या. उपकरणांना डीएनएस म्हणून एकटा १९२.१६८.१.१ द्या आणि राउटरला पुढे १.१.१.१ व ९.९.९.९ (हाही सगळ्यांसाठी खुला डीएनएस) यांना विचारायला सांगा. यादीतला दुसरा पत्ता राखीव असतो, यावरही विसंबू नका. काही उपकरणं दोघांपैकी कोणालाही विचारतात.

प्रतिसाद २

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तेही बघा. राउटर ॲडव्हर्टाइझमेंटमधून (आयपीव्ही६ साठी राउटर उपकरणांना पाठवतो त्या सूचना) फायबर कंपनीचा आयपीव्ही६ डीएनएस वेगळा वाटला जाऊ शकतो. डीएचसीपी बदलून तो जात नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तपासणी आणि डीएनएस वेगळे केले, वायर काढली, लॅपटॉपवर साइट उघडली! फोन मात्र अडूनच होता. वायफाय बंद-चालू करून नवे पत्ते घ्यायला लावले, तरी तेच. शेवटी दुसऱ्या प्रतिसादातलंच निघालं: फोनवर फायबर कंपनीचा आयपीव्ही६ डीएनएस बसला होता. राउटर ॲडव्हर्टाइझमेंटमधून तो काढला आणि फोनही सुरू झाला. उद्या पत्नीच्या तासाआधी पुन्हा एकदा वायर काढून बघतो आणि इथे कळवतो.