विंडोजच्या शेजारी उबुंटू (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय, आधी बॅकअप नेमका कशाकशाचा घ्यावा?

प्रश्न:
लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. ५१२ जीबीची एसएसडी, त्यातली १८० जीबी भरलेली. फोटो आणि प्रबंधाच्या फायली बाहेरच्या १ टीबी डिस्कवर कॉपी करून ठेवल्यात. तेवढं पुरे का? प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय. काही बिघडलं तर सगळं नव्याने बसवत बसायला वेळ नाही, विंडोज आहे तसंच परत मिळायला हवं.

उत्तर १:
फायली वाचतील, विंडोज नाही. विंडोज सुरू (बूट) होण्यासाठी लागणारं ईएफआय पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक वेगळा छोटा भाग, एक्सप्लोररमध्ये दिसतसुद्धा नाही, मग ते कॉपी कुठून होणार? पेनड्राइव्हवरून क्लोनझिला (डिस्कची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालू करा आणि पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या डिस्कवर घ्या.

उत्तर २:
इमेज घ्याच, पण त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. होम आवृत्तीत ते 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने असतं आणि बऱ्याचदा आपल्या नकळत चालू झालेलं असतं.

मी हे बघितलं नव्हतं. पेनड्राइव्हवरून बूट होईना म्हणून सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद केलं, तर पुढच्या वेळी विंडोजऐवजी निळा पडदा आला: रिकव्हरी की टाका. ४८ आकडे! लॅपटॉप पहिल्यांदा भावाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून चालू केला होता, त्यामुळे की त्याच्या खात्यात. रात्री साडेअकराला त्याला उठवलं. तो फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचत होता आणि मी टाइप करत होतो. पाचव्या गटात एक आकडा चुकला, तो गट पुन्हा वाचून घेतला. विंडोज उघडलं तेव्हा हात थरथरत होते. म्हणून कळकळीने सांगतो, ही की आजच कागदावर उतरवून ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे एन्क्रिप्शन चालू असेल तर क्लोनझिलाला आतलं काही वाचता येत नाही, ते भरलेला-रिकामा सगळाच भाग उचलतं. बंद केलंत तर फक्त भरलेला भाग जातो आणि इमेज लहान होते. फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि क्लोनझिला अशा पार्टिशनवर अडून बसतं.

प्रश्नकर्ती:
एन्क्रिप्शन खरंच चालू होतं, मला पत्ताच नव्हता! की वहीत लिहिली, मग ते बंद केलं. इमेज ११० जीबीची झाली. आता उबुंटू टाकायला घेऊ?

उत्तर २:
इमेज घ्यायला सुरुवात करण्याआधी क्लोनझिला 'नंतर ती तपासू का' विचारतं, तिथे हो म्हटलं होतंत ना? नसेल तर आधी ते करा, वेळ लागला तरी चालेल. उबुंटूला जागा करायला सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा. आणि उबुंटूचा इन्स्टॉलर सुरू करण्याआधी बाहेरची डिस्क काढून ठेवा. तिथे दोन्ही डिस्का एकाच यादीत दिसतात, चुकून बॅकअपचीच निवडली जायची.