घोडीची पहिलीच मोठी स्पर्धा, सारंगखेड्याला न्यायचीय, तयारी कशी करू?

मैनावाला_सिन्नर

नमस्कार मंडळी. आमच्या मळ्यात एक घोडी आहे, मैना, मारवाडी, कुमेत (लालसर तपकिरी), आता चार वर्षं पूर्ण झाली. अदंत (दुधाचे दात पडायच्या आधीची) होती तेव्हा आणली आणि वडिलांनी तिला पहिलं वर्ष नुसतं हातात धरून चालवलं, पाठीवर बसायला तीन वर्षांची झाल्यावरच सुरुवात केली. रेवाल (न उधळता, धक्के न देता जलद चालायची चाल) त्यांनीच बसवली. घरची म्हणून सांगत नाही, पण चाल इतकी सपाट आहे की वर बसून हातात पाण्याचा पेला धरला तरी सांडत नाही. वडील या चैत्रात गेले. मैनाला एकदा तरी सारंगखेड्याच्या (नंदुरबार जिल्ह्यातल्या दत्ताच्या यात्रेतल्या घोडेबाजाराच्या) मैदानात, चालीच्या स्पर्धेत उतरवायची हे ते दोन वर्षं बोलत होते, त्यामुळे यंदा दत्तजयंतीला (४ डिसेंबर) न्यायचं मी ठरवलंय.

पण घोडीनं जग बघितलेलं नाहीये. गावची जत्रा पाहिली ती पण लांबून. आता दिवाळीत फटाक्यांनी रात्रभर घामाघूम झाली, सकाळी चंदीला (दाण्याच्या खुराकाला) तोंड लावलं नाही. मागच्या महिन्यात सवय म्हणून पिकअपमध्ये चढवायला गेलो तर दीड तास गेला, चार माणसं लागली आणि शेवटी मीच म्हटलं राहू द्या. बाहेर एक रात्र कधी काढली नाही, आमच्या विहिरीशिवाय पाणी पीत नाही, आणि आमची एक म्हातारी तट्टाणी (लहान चणीची घोडी) आहे सगुणा, ती नजरेआड झाली की खिंकाळून मळा डोक्यावर घेते. मोठा भाऊ म्हणतो एकदा नेऊन उभी कर, आपोआप शिकेल. मला भीती वाटते की एका दिवसात वडिलांची सगळी मेहनत जाईल. हातात पाच आठवडे आहेत. कोणी तरणं जनावर पहिल्यांदा असं नेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

तापीकाठ

भाऊ, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तीन वर्षांची होईपर्यंत थांबणारा माणूस हल्ली कमी बघायला मिळतो.

मी त्याच भागातला, लहानपणापासून यात्रेत आहे. तुझ्या घोडीला मैदान नंतर दिसेल, आधी तिथली रात्र दिसेल. हजारो घोडे एका जागी, तिनं आयुष्यात एकदम चार पाहिले असतील. पाळणे, भोंगे, दिवे, एकमुखी दत्ताच्या दर्शनाची गर्दी, आणि शेजारी बांधलेला नर रात्रभर ओरडतो ते वेगळंच. शिवाय तापीकाठची डिसेंबरची थंडी, पहाटे हाडात शिरते, झूल घेऊनच ये. बाजार आहे म्हटल्यावर येणारा जाणारा माणूस न विचारता घोडीचा ओठ उचलून दात बघणार, पाठीवर थाप मारणार, पाय उचलणार. याची सवय घरी कर. रोज वेगळा माणूस बोलवायचा, शेजारचा, पाहुणा, दूधवाला, त्यानं तोंडाला हात लावायचा, दात बघायचे, जायचं. आपल्याला किरकोळ वाटतं पण पहिल्या दिवशी लाथ बसते ती इथेच बसते, आणि लाथ मारणारी घोडी म्हणून एकदा बोभाटा झाला की पुसत नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी यायचं नाही, निदान चार दिवस आधी ये. जागा कडेची धर, एका बाजूनं तरी शेजारी नको, नरांपासून लांब. आणि सगुणाला घेऊनच ये, एका म्हातारीच्या भाड्याकडे बघू नको. तिनं शांतपणे कडबा खाल्ला की मैनाला कळतं इथे वाघ नाहीये. घोडा आपल्यावर विश्वास ठेवतो हे खरं, पण त्याच्याआधी दुसऱ्या घोड्यावर ठेवतो.

एक अजून, अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना दोर) बांधायची सवय आहे का? नसेल तर तिथे पहिल्यांदा बांधू नको, दोराला घाबरून स्वतःला पाडून घेईल. आत्तापासून रोज अर्धा तास, जवळ बसून.

भन्नाट_बारामती

एवढं काय टेन्शन घेताय दादा, घोडं आहे ते, काचेचं भांडं नाही. कानात कापूस घाला, तोंडात जरा कडक काटेरी लगाम टाका आणि उतरवा. घाबरते म्हणून घरी ठेवली तर दहा वर्षांची झाली तरी घाबरणारच. आमच्याकडे सगळे असेच तयार झाले.

तापीकाठ

बारामतीकर, रागावू नका पण हे मी केलंय म्हणून सांगतो. आठेक वर्षांपूर्वी एका जत्रेत (नाव नको) माझा साडेतीन वर्षांचा नर असाच थेट नेला होता. घरी एवढा गरीब की लहान पोरगी त्याला पाण्यावर न्यायची. मिरवणुकीत मागून फटाक्याची माळ लागली, तो मागच्या पायांवर उभा राहिला, मी घाबरून लगाम खेचला, लगाम कडक होता, तोंडात कळ आणि मागून आवाज, त्याला जायला जागाच उरली नाही. दोर तोडून पळाला आणि तारेच्या कुंपणात गेला. मागच्या पायाला खुराच्या वर हाडापर्यंत चिरलं. चार महिन्यांत जखम भरली पण तो परत कधी गाडीत चढला नाही, ढोल वाजला की थरथरायचा. चूक पूर्ण माझी होती. तो जनावर म्हणून कमी नव्हता, मला घाई झाली होती.

आणि काट्यांच्या लगामाला कायद्यानं बंदी आहे, १९६५ च्या नियमांपासून. पण कायदा बाजूला ठेवा, ज्या घोडीची रेवाल हाताच्या दोन बोटांवर चालते तिच्या तोंडात काटे घालून काय मिळणार?

भन्नाट_बारामती

काका, लगामाचं मागे घेतो. तुमच्या नराचं ऐकून कसंतरी झालं. पण न्यावं तर लागेलच ना कधीतरी, एवढंच म्हणायचं होतं.

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, माझ्या कामाचं तेवढं बोलतो. सगळ्यात आधी कागद. ग्लँडर्सची (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी आजच सुरू करा. नमुना तुमच्या सरकारी दवाखान्यातून पुढे जातो, रिपोर्ट यायला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं, आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ करणारे दरवर्षी भेटतात. सोबत आरोग्य दाखला घ्यायचा. सगुणाला नेणार असाल तर तिचंही सगळं करा, हे लोक हमखास विसरतात. ग्लँडर्सला औषध करून जनावर वाचवत नाहीत, पॉझिटिव्ह आलेला घोडा कायद्यानं मारावा लागतो आणि हा रोग माणसालाही होतो, म्हणून यात कोणाची ओळख काढून पळवाट शोधू नका. यात्रेत सामायिक हौदावर पाणी पाजू नका, बादली आणि तोबरा (तोंडाला अडकवायची दाण्याची पिशवी) स्वतःचा, कोणी मागितला तरी द्यायचा नाही. धनुर्वाताची लस झालीये का बघा, घोडा धनुर्वाताला फार नाजूक असतो.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला फटाक्यांपेक्षा जास्त गंभीर वाटलं. घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं. प्रवासात पाणी तुटलं आणि सुका चारा चालू राहिला की आतडं तुंबतं, पोटशूळ होतो, घोड्याला उलटी करता येत नाही त्यामुळे त्रास झपाट्यानं वाढतो. आजपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्या, चव तीच राहिली की बाहेरचं पाणीही प्यायची शक्यता वाढते. शिवाय घरचे दोन-तीन ड्रम भरून न्या. चारा घरचाच न्या, चंदी प्रवासाच्या दिवशी निम्म्याहून कमी.

गाडीत डोकं उंच आणि आखूड बांधू नका. घोड्याला मान खाली घालून नाक साफ करावं लागतं, तासन् तास मान वर राहिली की फुप्फुसात जंतू उतरतात, दोन दिवसांनी ताप येतो आणि लोक म्हणतात हवा लागली. दर तीन-चार तासांनी थांबायचं, मान खाली सोडायची, पाणी दाखवायचं. आणि कोणी सांगेल की चढवायला एक शांत करायचं इंजेक्शन मारा, मारू नका. गुंगीत तोल जातो आणि हलत्या गाडीत तोल गेलेला घोडा उठवणं फार अवघड असतं.

घरी शांत उभी असताना नाडी मोजून ठेवा, जबड्याच्या आतल्या कडेला लागते, साधारण २८ ते ४४ ठोके. तिचा स्वतःचा आकडा माहीत असला की तिथे घाबरलीये की आजारी आहे ते ओळखता येतं. पाय खरवडणं, कुशीकडे वळून बघणं, लोळणं, लीद बंद, यातलं काही दिसलं तर स्पर्धा विसरायची आणि डॉक्टर गाठायचा.

रिकीब_पुणे

मी रेवालवाली नाही, पुण्यात शो जंपिंग (घोड्यावरून अडथळे ओलांडायची स्पर्धा) करते, त्यामुळे चालीबद्दल बोलत नाही. पण नवा घोडा पहिल्या शोला नेणं हे आमच्याकडेही सेम असतं. आमच्या सरांचा नियम आहे, पहिल्या शोला घोडा न्यायचा, उतरवायचा, फिरवायचा, चरायला सोडायचा आणि परत आणायचा, एंट्रीच घ्यायची नाही. खूप लोकांना पैसे वाया गेले असं वाटतं. इंटरनॅशनल ड्रेसाजमध्ये (शिकवलेल्या चालींच्या स्पर्धेत), जिथे २०२३ ला हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्या टीमला गोल्ड मिळालं, तिथेही मोठ्या स्पर्धांत घोड्यांना आधी अरिना दाखवायला वेळ दिलेला असतो, आणि ते घोडे तर वर्षानुवर्षं ट्रेन झालेले.

गाडीचं सांगते कारण माझ्या घोड्यानं मला तीन महिने रडवलंय. ढकलायचं बंद करा, मागून चार माणसं आली की त्याला सापळाच वाटतो. गाडी बांधाला अशी लावा की फळी जवळजवळ सपाट होईल, आत माती किंवा वाळू टाका म्हणजे पाय पोकळ वाजत नाहीत, सगुणाला आधी चढवा आणि मैनाची संध्याकाळची चंदी रोज तिथेच ठेवा. पहिल्या दिवशी फळीच्या खाली, मग फळीवर, मग आत. पुढचे दोन पाय टाकून परत मागे आली तरी चालेल, मागे यायला मिळतं हे कळलं की पुढे जायला घाबरत नाही. चढायला लागली की इंजिन चालू करून नुसती उभी, मग गावाला एक चक्कर, मग वीस किलोमीटर जाऊन घरी. गाडीत बसलं की वाईटच होतं असं नाही हे तिला माहीत पाहिजे. आणि ड्रायव्हरला सांगा ब्रेक लांबून मारायचा.

आवाजाचं पण असंच, मोबाईलवर ढोल-ताशा आणि गर्दी लावायची, ती खात असताना, हळू, लांबून. कान फिरवून परत खायला लागली की झालं, त्या दिवशी वाढवायचं नाही. कानातला कापूस चालतो पण तोही घरी घालून बघा आधी.

दादा, अजून एक, विचारू की नको असं वाटत होतं. तुम्ही वडिलांसाठी जाताय. वर बसल्यावर तुमचं जे होईल ते तिला खोगिरातून कळणार. तुम्ही श्वास धरला की ती पण धरते.

मैनावाला_सिन्नर

ताई, विचारलंत ते बरं केलंत. दोन दिवस त्याच्यावरच विचार करतोय.

सगळ्यांचे आभार. नमुने गेले, दोघींचे. नाल आठ-दहा दिवस आधी ठोकून घेणार, आदल्या दिवशी नको असं आमचा नालबंद पण म्हणाला. भावाला हा सगळा धागा वाचून दाखवला, तापीकाठ काकांच्या नराचं ऐकल्यावर तो गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बांध खणून गाडीला जागा करून दिली. नाव नोंदवायचं की नाही ते तिथे गेल्यावर तिच्याकडे बघून ठरवू.

मैनावाला_सिन्नर

परत आलो काल. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी सांगतो.

पाच दिवस आधी पहाटे तीनला निघालो, दोघी एका गाडीत. राहूड घाटात जरा हलली, मालेगावच्या पुढे आणि धुळ्याजवळ थांबलो, धुळ्याला तीन-चार लिटर प्यायली. दोंडाईचा सोडल्यावर कान टवकारले ते उतरेपर्यंत तसेच. पहिला दिवस वाईट गेला, सगुणाला चिकटून उभी, गुळाचं पाणी असून संध्याकाळपर्यंत बादलीला तोंड लावलं नाही, ठोके ६० च्या वर. मी आणि भाऊ पाळी करून तिच्याजवळ बसलो. मध्यरात्री पाळणे बंद झाले तेव्हा एकदम बादलीभर प्यायली. दुसऱ्या दिवशी कडबा, तिसऱ्या दिवशी पहाटे मैदान रिकामं असताना सगुणाच्या मागे मागे नुसती चालवली, नंतर एकटी, लगाम सैल सोडून. तापीकाठ काका प्रत्यक्ष भेटले, शेवटचे दोन दिवस ते रोज सकाळी यायचे आणि न बोलता तिचे दात बघून जायचे.

नाव नोंदवलं. चौथ्या दिवशी ती मान खाली घालून उभ्या उभ्या झोपली ते बघून नोंदवलं. अर्ध्याच्या पुढेपर्यंत ती अशी आली की कडेची म्हातारी माणसं उभी राहिली, मग शिट्ट्या आणि टाळ्यांचा एकदम लोंढा आला आणि तीन-चार ढांगा उधळली. मी खेचलं नाही. श्वास सोडला, ताई. ती स्वतःहून रेवालवर परत आली आणि शेवटपर्यंत तशीच गेली. चाल मोडली म्हणजे बाद, ते बरोबरच आहे. बाहेर आल्यावर भाऊ रडला, मला रडू नाही आलं, मी नाडी मोजत होतो.

गुरांचा_डॉक्टर

किती होती? आणि संध्याकाळी पाणी, लीद?

मैनावाला_सिन्नर

डॉक्टर, उतरल्या उतरल्या ७२, अर्ध्या तासात ४०. संध्याकाळी दोन बादल्या पाणी, लीद नीट, चंदी पूर्ण. आणि परत निघताना सगुणाला आणायला भाऊ गेला होता तोवर मैनाच एकटी फळीवरून आत जाऊन उभी राहिली.