मदत हवी आहे: वर्गात कन्नड बोलले की पोरं हसतात

नवीन_बाई
कुणीतरी लवकर सांगा. मोजताना ‘आरु’नंतर ‘एळु’ म्हटलं की मागची रांग उठून उभीच राहते. ‘कूड्रि’ (बसा) म्हणायला जाते आणि तोंडातून ‘कुडीरि’ येतं, मग एकजण बाटली उघडून पाणी प्यायला लागतो. सोमवारी सीआरपी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे शिक्षण खात्याचे साधन व्यक्ती) वर्ग बघायला येणार आहेत. हे हसणं थांबवायचं कसं?

चिकोडीकर
इयत्ता कुठली? माध्यम कुठलं? पोरांच्या घरी काय बोलतात? हे कळल्याशिवाय काय सांगणार, बाई?

मलप्रभाकाठ
पोरं तुम्हाला हसत नाहीत, तुम्ही म्हणाल ते करतात. ‘एळु’ म्हणजे सात आणि ‘एळु’ म्हणजेच ऊठ. उठायला सांगताना पूर्ण ‘एद्दु निल्लि’ म्हणा आणि ‘एळु’ फक्त आकड्यासाठी ठेवा. मोजताना बोटं दाखवा. दोन-तीन दिवसांत रांग बसून राहील.
‘कूड्रि’त ‘कू’ दीर्घ आणि ‘ड’ला लगेच ‘र’ जोडलेला. ‘कुडीरि’ म्हणजे प्या, त्यात ‘कु’ ऱ्हस्व, ‘डी’ लांब. तळहात खाली दाबत म्हणा. जीभ चुकली तरी हात बघून पोरं बसतील.

निपाणीवाला
‘कूड्रि’ ही इकडची बोली आहे. पुस्तकात ‘कुळितुकोळ्ळि’ आहे, तेच शिकवा. तपासणीला बोली चालत नाही.

मलप्रभाकाठ
पहिलीतलं पोर ‘कुळितुकोळ्ळि’ ऐकून बसणार नाही हो. बोलताना बोली, फळ्यावर पुस्तकी. दोन्ही शिकवावं लागतं.

खडूवाला
फळा नवीन रंगवलाय का? मग लिहायच्या आधी खडू आडवा धरून सगळ्या फळ्यावर घासा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. नाहीतर पहिल्या दिवशीच्या अक्षरांच्या खुणा राहतात. ओल्या फळ्यावर लिहू नका, वाळेपर्यंत काहीच दिसत नाही.

चिकोडीकर
फळ्याचं कुणी विचारलं का? बाई, माहिती द्या की.

नवीन_बाई
कन्नड माध्यम, नली-कली (गटागटानं, कार्डांवरून खेळत शिकायची पद्धत), पहिली ते तिसरी एकत्र, २८ पोरं. निम्म्यांच्या घरी मराठी. सोमवारी ‘नम्म हळ्ळि’ (आपलं गाव) यावर गप्पा घ्यायच्या आहेत.

चिकोडीकर
हे आधी सांगायचं होतं. नली-कलीत गट असतात, मग अख्ख्या वर्गासमोर भाषण कशाला? एका गटाजवळ बसा, कार्ड हातात घ्या आणि शब्द पोरांना वाचायला लावा. त्यांच्यामागून तुम्ही म्हणा.
आणि ‘हळ्ळि’ जपून. ‘हळ्ळि’ म्हणजे गाव, ‘हल्लि’ म्हणजे पाल. आपल्या जिभेवर मराठी ‘हल्ली’ बसलेलं असतं, घाईत तेच येतं. ‘नम्म हल्लि’ म्हणालात तर पोरं भिंतीवर बघतील. आलंच तर पाल काढा, शेजारी गाव काढा, दोन्ही शब्द लिहा. ज्यानं चूक पकडली त्याच्या हातात खडू द्या. तो धडा पोरं विसरत नाहीत.

मलप्रभाकाठ
मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ एकेकच, कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन. आपण बहुतेक सगळे लांबवतो. ‘कोडु’ आखूड म्हटलं तर दे, लांबवलं तर शिंग. म्हणजे ‘पेन्सिल दे’चं होतं ‘पेन्सिल शिंग’. लिपीत बघा: दीर्घाला अक्षराच्या उजवीकडे जास्तीची शेपूट असते. शेपूट दिसली तरच लांबवायचं. ‘हालु’ दूध, ‘हल्लु’ दात, ‘हुल्लु’ गवत हेही म्हणून बघा. जोडलेल्या ‘ल्ल’वर टाळी वाजवायची. रोज ५ जोड्या पुरेत, वहीत चित्रासकट.

निपाणीवाला
वही सीआरपींना दाखवा. चुका टिपून ठेवल्यात हे त्यांना आवडेल.

नवीन_बाई
आज ‘हालु, हल्लु, हुल्लु’ टाळीसकट घेतलं. पोरं हसलीच, पण माझ्याबरोबर म्हणत होती. ‘कोडु’ अजून लांबतंय. ‘को’वर जीभ कुठे ठेवायची?

मलप्रभाकाठ
जिभेचं सोडा. मराठी ‘कोण’मधला ‘को’ घ्या आणि निम्म्या वेळात सोडून लगेच ‘डु’वर या. आधी ‘कोडु’ एकटं दहा वेळा, मग ‘पेन्सिल कोडु’.